ऊन मोफत, पण जमीन कोणाची?

पावसाळ्यात लोणावळ्याला जाणारा मुंबई-पुण्याचा पर्यटक वळवणच्या धरणाकडे कौतुकाने पाहतो, चिक्कीचे दोन पुडे घेतो आणि परतीच्या वाटेला लागतो. घाट उतरून खोपोलीजवळ आल्यावर डोंगराच्या अंगावरून सरळ खाली आलेले जाडजूड नळ त्याला दिसतात. या नळांतून उतरणाऱ्या पाण्यावर १९१५ सालापासून वीज तयार होत आहे आणि मुंबईच्या विद्युतीकरणाचा पाया याच पाण्याने घातला, हे मात्र अनेकांच्या गावी नसते. ज्या उद्योगसमूहाने शंभर वर्षांपूर्वी सह्याद्रीचा पाऊस विजेत रूपांतरित केला, त्याच समूहाची टाटा पॉवर ही कंपनी आता सूर्यप्रकाशात हजारो कोटी रुपये गुंतवत आहे. त्यासोबत 'शाश्वत विकास' हा शब्दही वारंवार कानावर पडतो.

हा शब्द जगभर रूढ झाला तो १९८७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे. आजच्या गरजा भागवताना उद्याच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला घालू नये, असा त्याचा थोडक्यात आशय. वीज कंपनीच्या बाबतीत मात्र हा आशय तपासणे सोपे नसते. पॅनेल बसवली म्हणजे विकास शाश्वत झाला, असे समीकरण जाहिरातीत चालते. प्रत्यक्षात त्यामागे इंधन, वेळ, पाणी आणि जमीन यांचे हिशेब असतात. टाटा पॉवरचा शंभर वर्षांचा प्रवास महाराष्ट्राच्या भूमीशी इतका निगडित आहे, की हे हिशेब समजून घेण्यासाठी त्याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

पावसाची वीज

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. कोळसा दूरवरून आणावा लागे आणि धुराने शहर काळवंडून जाई. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवून त्याचे पाणी कोकणात सोडावे आणि त्यावर वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. १९०४ साली त्यांचे निधन झाले. योजना प्रत्यक्षात आली ती त्यांच्या पश्चात. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणातून भिवपुरी आणि मुळशी धरणातून भिरा, अशी आणखी दोन वीजकेंद्रे १९२७ पर्यंत उभी राहिली. आज या तिन्ही केंद्रांची मिळून क्षमता सुमारे ४४७ मेगावॉट आहे.

या योजनेचे मर्म भूगोलात आहे. लोणावळा, मावळ आणि मुळशीच्या परिसरात उगम पावणाऱ्या नद्या निसर्गतः पूर्वेला वाहतात व भीमेला मिळतात. धरणांत अडवलेले त्यांचे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून पश्चिमेला वळवले, की सुमारे पाचशे मीटरची उभी उडी मिळते. ही उडी म्हणजेच वीज. धूर नाही, राख नाही, इंधनाचा खर्च नाही. आजच्या परिभाषेत बोलायचे तर ही शंभर नंबरी हरित ऊर्जा होती.

परंतु या हरित ऊर्जेची किंमत कोणी मोजली? मुळशीच्या खोऱ्यात पन्नासहून अधिक गावांची भातशेती आणि घरे पाण्याखाली जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन खासगी कंपनीसाठी सरकार जमीन मिळवून देत होते. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते. याच लढ्याने बापटांना 'सेनापती' ही पदवी दिली. तीन वर्षांच्या झुंजीनंतर लढा मोडला आणि धरण पूर्ण झाले. मोठ्या धरणाविरुद्ध झालेल्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी हा एक मानला जातो.

विशेष म्हणजे मुळशीच्या योजनेसाठी १९१९ साली जी कंपनी स्थापन झाली, तिचेच नाव 'टाटा पॉवर' असे होते. म्हणजे आज सौरऊर्जेची कंपनी म्हणून जे नाव पुढे येते, त्याचा जन्मच जमीन आणि वीज यांच्या संघर्षातून झालेला आहे. हा इतिहास कंपनीला दोष देण्यासाठी उगाळायचा नाही. स्वच्छ इंधन म्हणजे न्याय्य प्रकल्प असे आपोआप होत नाही, एवढे त्यातून ध्यानात ठेवायचे.

कोळशाचा धडा

मुंबई वाढत गेली, तसे पावसाचे पाणी अपुरे पडू लागले. १९५६ मध्ये ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र सुरू झाले आणि कंपनीचा कल इंधन जाळून वीज निर्माण करण्याकडे झुकला. या वाटचालीचा कळस म्हणजे गुजरातमधील मुंद्रा येथील सुमारे ४,००० मेगावॉटचा अतिविशाल प्रकल्प. सरासरी २ रुपये २६ पैसे प्रतियुनिट अशी बोली लावून टाटा पॉवरने तो मिळवला. गुजरात, महाराष्ट्र, पंजाब, हरियाणा आणि राजस्थान या पाच राज्यांना त्याची वीज द्यायची होती. महाराष्ट्राचा वाटा ७६० मेगावॉटचा. कोळसा इंडोनेशियातून येणार होता आणि त्यासाठी तेथील खाणींमध्ये २००७ साली कंपनीने ३० टक्के भागही घेतला होता.

कागदावरचे हे गणित बिनचूक होते. मात्र २०१० साली इंडोनेशियाने नियम बदलले आणि कोळशाची निर्यात आंतरराष्ट्रीय बाजारभावाशी जोडली. कोळसा महागला; विजेचा दर मात्र करारात बांधलेला होता. प्रत्येक युनिटमागे तोटा होऊ लागला. दरवाढ मिळावी म्हणून झालेली कायदेशीर लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि परदेशातील कायदा बदलला म्हणून येथील करारातील दर वाढवून मागता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला.

दुसऱ्या बाजूला प्रकल्पाच्या परिसरातील कच्छचे मच्छीमार आणि शेतकरी वेगळ्याच तोट्याबद्दल बोलत होते. केंद्रातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यामुळे मासळी घटली, कोळशाच्या धुळीने पिके व सुकवलेली मासळी खराब झाली, अशी त्यांची तक्रार होती. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँक समूहातील संस्थेविरुद्ध त्यांनी थेट अमेरिकेत दावा लावला. अशा संस्थांना सरसकट कायदेशीर संरक्षण नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. पुढे तो दावा टिकला नाही. परंतु गावातल्या मच्छीमाराची तक्रार वॉशिंग्टनमध्ये ऐकून घ्यावी लागली, ही गोष्ट साऱ्या जगातील वित्तसंस्थांनी नोंदवून ठेवली.

मुंद्राने दोन गोष्टी शिकवल्या. दुसऱ्या देशातील इंधनावर पंचवीस वर्षांचा करार उभा करणे म्हणजे वाळूवर घर बांधणे. आणि पर्यावरणाचा खर्च ताळेबंदात दिसत नसला, तरी तो कधी ना कधी कोणाच्या तरी दारी येतोच. सौरऊर्जेतील गुंतवणुकीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, तर तो केवळ सद्भावनेचा भाग वाटत नाही. ते धंद्यातल्या अनुभवातून आलेले शहाणपण आहे आणि म्हणूनच ते अधिक टिकाऊ ठरण्याची शक्यता आहे.

सूर्याकडे वळण

टाटा समूहाचा सौरऊर्जेशी संबंध तसा जुना. १९८९ साली ब्रिटिश तेल कंपनी बीपीबरोबर भागीदारी करून बंगळुरू येथे टाटा बीपी सोलर ही कंपनी काढण्यात आली. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या गच्चीवर सूर्यकिरणांवर पाणी तापवणारे बंब ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे नाव परिचित असेल. बीपीने पुढे सौर व्यवसायातून अंग काढून घेतले आणि २०१२ मध्ये टाटा पॉवरने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. तेल कंपनीला जे नकोसे झाले, ते वीज कंपनीने ठेवून घेतले. हा फरक लक्षणीय आहे. तेलाच्या धंद्यात काही वर्षांत मोठा नफा मिळवण्याची सवय असते, तर वीज कंपनीला पंचवीस वर्षे बेताचा पण खात्रीचा परतावा चालतो. सौरऊर्जेचा स्वभाव दुसऱ्या प्रकारचा आहे.

२०११ मध्ये मुळशी येथेच कंपनीने ३ मेगावॉटचा सौरप्रकल्प सुरू केला. आजच्या मानाने तो अगदी चिमुकला. पण त्या काळी सौर वीज ही चैन होती. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा केंद्रीय नियामक आयोगाने ठरवलेला सौर विजेचा पायाभूत दर सुमारे १८ रुपये प्रतियुनिट होता. स्पर्धात्मक बोलीने तो झपाट्याने कोसळला. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैसे आणि २०२० च्या अखेरीस गुजरातमधील एका निविदेत १ रुपया ९९ पैसे इतक्या खाली तो आला. नव्या कोळसा केंद्राच्या विजेपेक्षा नवी सौर वीज स्वस्त झाली आणि अवघे चित्र पालटले.

त्यानंतर कंपनीचा वेग वाढला. २०१६ मध्ये वेलस्पन समूहाचा सुमारे १,१४० मेगावॉटचा सौर व पवन व्यवसाय तिने ९ हजार कोटींहून अधिक मूल्याला घेतला. २०२२ मध्ये गुजरातमधील धोलेरा येथे ३०० मेगावॉटचा प्रकल्प कार्यान्वित झाला. त्याच वर्षी ब्लॅकरॉक आणि अबूधाबीची मुबादला यांच्या गटाने कंपनीच्या अपारंपरिक ऊर्जा व्यवसायातील सुमारे दहा टक्के हिस्सा ४ हजार कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. तमिळनाडूतील तिरुनेलवेलीजवळ वर्षाला ४,३०० मेगावॉट क्षमतेची सौरघट आणि पॅनेल बनवणारा कारखाना उभा राहिला. २०२४ मध्ये तेथे सौरघटांचे उत्पादन सुरू झाले. नवे कोळसा केंद्र उभारायचे नाही आणि २०४५ पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे, असे उद्दिष्टही कंपनीने जाहीर केले आहे.

परदेशी गुंतवणूकदारांना यात एवढा रस का, याचे उत्तर सौर विजेच्या अर्थकारणात आहे. कोळसा केंद्रात खर्च दररोज होतो. सौर केंद्रात तो जवळजवळ सगळा पहिल्याच दिवशी होतो. पॅनेल, जमीन आणि वाहिन्या यांचे पैसे एकदा मोजले, की पुढे पंचवीस वर्षे इंधनाचे बिल येत नाही. इंडोनेशियाने नियम बदलले काय किंवा आखातात युद्ध भडकले काय, सूर्य दर वाढवत नाही. साहजिकच सौर विजेचा दर प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरतो. एक पॅनेलची किंमत आणि दुसरी कर्जाचा व्याजदर. स्वस्त भांडवल मिळवणारी कंपनी स्वस्त वीज देऊ शकते. म्हणूनच हा धंदा जितका अभियंत्यांचा, तितकाच बँकांचा झाला आहे.

अर्थात परावलंबन पूर्णपणे संपलेले नाही. सौरघटासाठी लागणारे शुद्ध सिलिकॉन आणि त्याच्या पातळ चकत्या यांच्या उत्पादनावर चीनची जवळपास मक्तेदारी आहे. एके काळी कोळशासाठी इंडोनेशियाकडे पाहावे लागे, आता कच्च्या मालासाठी चीनकडे. फरक एवढाच, की कोळशाचा पुरवठा थांबला तर आजचे केंद्र बंद पडते. चकत्यांचा पुरवठा थांबला तर उद्याचे केंद्र लांबते, कालचे मात्र चालू राहते.

मेगावॉट आणि युनिट

सौरऊर्जेच्या बातम्या वाचताना सर्वसामान्य वाचकाची गफलत होते ती मेगावॉट या शब्दापाशी. मेगावॉट ही क्षमता आहे. वापरली जाते ती युनिटमध्ये मोजलेली वीज. एक मेगावॉटचे केंद्र वर्षभर अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे ८७ लाख ६० हजार युनिट तयार होतील. तसे कोणतेच केंद्र चालत नाही. चांगले कोळसा केंद्र ७० टक्के क्षमतेने चालले, तर साठ लाखांच्या आसपास युनिट देते. महाराष्ट्रातील साधे सौर केंद्र रात्र, ढग आणि धूळ वजा जाता वर्षाला सोळा-सतरा लाख युनिट देते. याचा अर्थ एक मेगावॉट कोळशाची जागा घ्यायला साडेतीन ते चार मेगावॉट सौर क्षमता लागते.

हे ध्यानात घेतले, की देशाच्या आकड्यांतील विसंगती उलगडते. २०२५ च्या प्रारंभी भारताची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली आणि त्याच वर्षी एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म इंधनाची झाली. तरीही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरातच राहिला. दोन्ही विधाने खरी आहेत.

टाटा पॉवरचेही असेच आहे. २०२५ च्या सुमारास कंपनीच्या पंधरा हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक 'स्वच्छ' गटात मोडत होती. या गटात सौर, पवन आणि जुनी जलविद्युत केंद्रे येतात. त्याचबरोबर पोलाद कारखान्यातील वाया जाणारे वायू व उष्णता वापरून निर्माण होणारी वीजही येते. वाया जाणारे वायू वापरणे चांगलेच. परंतु ते सूर्यासारखे अक्षय नव्हेत. 'स्वच्छ', 'हरित' आणि 'अपारंपरिक' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात तेव्हा आत काय आहे, हे पाहून घ्यावे.

सूर्यास्तानंतर

सौरऊर्जेची खरी कसोटी संध्याकाळी सातला लागते. कार्यालयांतून घरी परतलेला मुंबईकर दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्र सुरू करतो, नेमकी त्याच वेळी सौर केंद्रे निजलेली असतात. दुपारी विजेची रेलचेल आणि संध्याकाळी टंचाई, अशी नवी अडचण त्यातून उभी राहते. ट्रॉम्बेचा कोळसा आणि वायू यांना पूर्ण रजा देता येत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

यावर एक उपाय बॅटरीचा. दुसरा उपाय जुना आहे आणि तो आपल्याला पुन्हा सह्याद्रीत घेऊन जातो. त्याचे नाव उदंचन जलविद्युत. घाटमाथ्यावर एक जलाशय आणि पायथ्याशी दुसरा. दुपारी सौर वीज उदंड असते तेव्हा ती वापरून खालचे पाणी वर चढवायचे. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज मिळवायची. या चढ-उतारात वीस-पंचवीस टक्के ऊर्जा खर्ची पडते, पण दुपारची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवता येते. जणू पाण्याची बॅटरीच. भिरा येथे १५० मेगावॉटचा असा एक संच गेली अनेक वर्षे काम करीत आहे. राज्य सरकारचा घाटघर येथील २५० मेगावॉटचा प्रकल्पही याच तत्त्वावर चालतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तो अशाच दोन प्रकल्पांसाठी. पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे १,८०० मेगावॉट आणि रायगड जिल्ह्यात भिवपुरी येथे १,००० मेगावॉट. अपेक्षित गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटी रुपये. गिरण्यांसाठी बांधलेल्या धरणांना शंभर वर्षांनी नवे काम मिळणार आहे. नव्याने खोरे बुडवण्यापेक्षा जुन्या जलाशयांचा उपयोग करणे केव्हाही श्रेयस्कर, ही या योजनेची जमेची बाजू.

तरी येथेही एक जुना प्रश्न पाण्याखालून डोके वर काढतो. पूर्वेला वाहणारे भीमेच्या खोऱ्यातील पाणी टाटांची धरणे पश्चिमेला वळवतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला साधारण ४२ टीएमसीची आहे. सोलापूरकडे दुष्काळ पडला, की हे पाणी पुन्हा भीमेत सोडा, ही मागणी होते. दुसऱ्या बाजूला वीज निर्माण करून खाली उतरलेल्या पाण्यावर आज बदलापूर-कल्याणच्या परिसराची तहान आणि रोह्याचे कारखाने अवलंबून आहेत. कोलाडला रबरी होड्यांतून कुंडलिकेच्या लाटांवर स्वार होणारे हौशी पर्यटकसुद्धा भिऱ्याहून सुटलेल्या पाण्यावरच तरंगत असतात. उदंचन प्रकल्पात तेच पाणी पुन:पुन्हा फिरत राहत असल्याने विजेसाठी पश्चिमेला सोडावे लागणारे पाणी काही अंशी वाचू शकते का, याचा विचार या निमित्ताने व्हायला हवा. पाणी वाटून घेण्याचा हा प्रश्न निव्वळ कंपनीच्या संचालक मंडळात सुटणारा नाही.

जमिनीचा हिशेब

ऊन फुकट असले, तरी ते झेलण्यासाठी जागा लागते. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर. शंभर मेगावॉटचा प्रकल्प म्हणजे चारशे ते पाचशे एकर सलग जमीन. म्हणूनच मोठे प्रकल्प राजस्थान आणि गुजरातच्या विस्तीर्ण माळांकडे धाव घेतात. पण सरकारदरबारी 'पडीक' म्हणून नोंदलेली जमीन गुराख्याच्या लेखी चराऊ कुरण असते आणि तिच्यावर कोणाचे तरी पोट चालत असते.

महाराष्ट्राने याचा दाहक अनुभव घेतला आहे. धुळे जिल्ह्यातील विखरण येथे सरकारी वीजप्रकल्पासाठी, ज्याची आखणी पुढे सौरप्रकल्प म्हणून झाली, जमिनी संपादित झाल्या. मोबदल्यात अन्याय झाला म्हणून सरकारी कार्यालयांचे उंबरठे झिजवणाऱ्या तेथील एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयातच टोकाचे पाऊल उचलले आणि काही दिवसांत त्यांचे निधन झाले. त्या प्रकल्पाचा टाटा पॉवरशी संबंध नाही. पण मुळशीपासून विखरणपर्यंत शंभर वर्षांत वीज बदलली, सरकार बदलले, कायदा बदलला. जमीन देणाऱ्याची कैफियत मात्र फारशी बदललेली दिसत नाही.

यातून मार्ग काढण्याचे प्रयत्न सुरू आहेत. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या उपकेंद्रालगत छोटे सौरप्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याची कल्पना आहे. रात्री-बेरात्री विंचू-काट्यातून पाण्याचे बारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. या योजनेत शेतकरी आपली जमीन विकत नाही. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाड्याने देतो आणि भाड्यात दरवर्षी तीन टक्के वाढ होते. सातबारावर नाव त्याचेच राहते. दुपारी तयार होणारी वीज दुपारीच, तीही जवळच्या शिवारात खर्च होत असल्याने साठवणुकीचा आणि वहनाचा प्रश्नही सौम्य होतो.

दुसरा मार्ग शहरवासीयांच्या डोक्यावरच आहे. गच्चीला भूसंपादन लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट असून तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आहे. टाटा पॉवरसह अनेक कंपन्या या बाजारात आहेत. मुंबईसारख्या शहरात उंच इमारतींच्या सावल्या आणि सोसायटीतील मतभेद, या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. तरीही ज्या शहराच्या विजेसाठी दूरच्या खोऱ्यांनी आपली शेते बुडवली, त्या शहराने निदान आपल्या गच्च्या तरी द्याव्यात, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

घोषणा कशी वाचावी?

एखाद्या ऊर्जा कंपनीने सौरऊर्जेत अमुक हजार कोटींची गुंतवणूक जाहीर केली, की ती बातमी आनंदाची असते. तो आनंद जरूर मानावा. मात्र त्यासोबत काही प्रश्न विचारावेत. जाहीर केलेल्या मेगावॉटमधून वर्षाला किती युनिट मिळणार आणि त्यामुळे कोळशाचे किती युनिट प्रत्यक्षात कमी होणार? सूर्य मावळल्यावर ग्राहकाला वीज कोठून मिळणार आणि त्या साठवणुकीचा खर्च दरात धरला आहे का? आणि जमीन व पाणी कोणाचे, ते कोणत्या अटीवर घेतले आणि पंचवीस वर्षांनी ती जमीन कोणाकडे राहणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियंते देऊ शकतात, दुसऱ्याचे अर्थतज्ज्ञ. तिसऱ्याचे उत्तर मात्र समाज म्हणून आपल्यालाच द्यावे लागते. सौरऊर्जेकडे वळण्यावाचून आता गत्यंतर नाही. हवामानबदल दाराशी येऊन ठेपला आहे, आयात इंधनाचा भरवसा मुंद्राने संपवला आहे आणि सौर वीज आता स्वस्तही झाली आहे. कंपन्या या दिशेने निघाल्या आहेत, ते स्वागतार्हच. परंतु इंधन बदलले म्हणून जुनी रीत आपोआप बदलत नाही.

पावसाळा सरला, की मुळशीचा जलाशय काठोकाठ भरलेला असतो. त्या निळ्या पाण्याकडे पाहताना तळाशी भाताची खाचरे होती, हे डोळ्यांना दिसत नाही. सौर पॅनेलच्या निळ्या रांगांकडे पाहतानाही त्याखाली काय होते, हे दिसणार नाही. ते विसरले जाऊ नये, एवढी दक्षता घेतली, तरच सूर्याच्या विजेला 'शाश्वत' हे विशेषण शोभून दिसेल.